निळ्या पिंपाची मडगार्डे

माझ्या सायकलच्या पुढच्या मडगार्डची गाठ मी स्वतः बदलली होती, ही गोष्ट मी तीन पावसाळे लपवून ठेवली. बायकोपासून लपवली, कारखान्यातल्या सोबत्यांपासून लपवली, आणि ज्याने ती गाठ मुळात बांधली होती त्या माणसाला तर समोरासमोर खोटे सांगितले. त्या खोट्याची किंमत मला कधीच मोजावी लागली नाही. ती त्याने मोजली, आणि मी ते रोज सकाळी नऊपासून पाहत होतो.

मी स्टीलची भांडी बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात तपासनीस आहे. राहतो नवघरला, कारखाना काशीगावच्या बाजूला. डबे, टोप, झाकणे पॉलिश होऊन माझ्या टेबलावर येतात आणि मी त्यांच्या काठावरून अंगठा फिरवतो. कुठे धार राहिली असेल, काठ वाकला असेल, झाकण डब्यावर डुगडुगत असेल, तर लाल खडूची फुली मारून बाजूला ठेवतो. आयुष्यातली सव्वीस वर्षे हेच काम केले. संशय घेण्यासाठीच मला नेमलेले आहे, असे मी पूर्वी थोड्या अभिमानाने म्हणत असे. कारखान्याच्या फाटकाबाहेर पडल्यावर हा संशय उतरवून ठेवायचा असतो, हे मला कोणी शिकवले नाही आणि माझे मलाही कळले नाही.

पन्नाशी उलटल्यावर रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला, म्हणून रिक्षा सोडून मी गिअरची सायकल घेतली. या नव्या सायकलींना मडगार्ड नसते. दुकानदार म्हणाला, आजकाल फॅशनच तशी आहे. जूनपर्यंत मला त्याचे काही वाटले नाही. मग रस्ते ओले झाले आणि मागच्या चाकाने उडवलेल्या चिखलाची एक उभी रेघ कमरेपासून मानेपर्यंत माझ्या सदऱ्यावर रोज उमटू लागली. पुढचे चाक बुटांत पाणी भरून देई ते वेगळेच. पॅकिंगमध्ये एक रायगडकडच्या ताई आहेत, त्यांची जीभ त्यांच्या हातापेक्षाही चपळ. त्या एका सकाळी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "साहेब, दुसऱ्याच्या मालावर फुल्या मारता, आणि स्वतःच्या पाठीवरची रेघ दिसत नाही होय?"

सगळे हसले. फिटर तेवढा हसला नाही. तो माझ्या पाठीकडे पाहत राहिला.

हा फिटर आमच्याकडे प्रेसच्या मशीनवर डाय बसवायचे काम करी. डाय म्हणजे ज्या साच्यात पत्रा दाबला की झाकण तयार होते तो पोलादी साचा. तो किंचित जरी सैल बसला तरी माल बिघडतो, आणि दाबताना निसटला तर मशीनवरच्या माणसाची बोटे जातात. फिटर उत्तनचा, कॅथलिक कुटुंबातला. वडील मासेमारीत होते, हा मात्र लहान वयात कारखान्यात शिरला आणि इथेच रमला. वयाने माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा, तरी उत्तनहून तासभर सायकल मारत येई. सगळे त्याला काका म्हणत. मी नुसते फिटर म्हणत असे, पण बोलताना अहो-जाहो करी. आमच्यात मैत्री नव्हती. असलीच तर एक अडचण होती. त्याच आठवड्यात त्याने बसवलेल्या डायवरची झाकणांची एक मोठी खेप मी परत पाठवली होती.

म्हणून दुसऱ्या दिवशी खिडकीतून तो माझ्या सायकलपाशी उकिडवा बसलेला दिसला तेव्हा मी सावध झालो. त्याने खिशातून दोरी काढली, माझ्या चाकाभोवती धरली, तिला एक खूण केली आणि उठून गेला. मी कोणाला काही बोललो नाही. फक्त जेवणाच्या सुट्टीत जाऊन दोन्ही टायर दाबून पाहिले.

दोन दिवसांनी तो दोन निळ्या पट्ट्या घेऊन आला. होडीवर पाणी भरून न्यायची जी जाड प्लॅस्टिकची निळी पिंपे असतात, त्यातले एक फुटके पिंप आडवे कापून त्याने त्या काढल्या होत्या. पिंपाची गोलाई चाकाच्या गोलाईशी जवळजवळ जुळते, हे त्याच्या नजरेला पूर्वीच दिसलेले होते. तापवलेल्या खिळ्याने भोके पाडून त्यात जाळ्याची जुनी नायलॉनची दोरी ओवली होती. एक पट्टी सीटखालच्या दांडीला, एक पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याला. पाऊस असेल तेव्हा लावायची, ऊन पडले की काढून पिशवीत टाकायची. स्वतःच्या आणि इतर सात-आठ जणांच्या सायकलींना त्याने अशी मडगार्डे करून दिली होती, हे मला तेव्हा समजले.

त्याने ती लावून दाखवली. गाठ साधी वाटे, पण तिचे मोकळे टोक त्याने मडगार्डच्या खालच्या शेपटापर्यंत नेऊन तिथल्या भोकात अडकवले होते. टोक ओढले की गाठ क्षणात उलगडे आणि पट्टी हातात येई.

"यापेक्षा घट्ट करू नका हां साहेब," तो म्हणाला. "चाकात काय अडकला ना, तर मडगार्ड ओढला जाईल, त्याच्याबरोबर हा टोक ओढला जाईल आणि गाठ सुटेल. सुटलीच पायजे ती. आमचा बाप जाळा असाच बांधायचा. जाळा खडकात अडकला आणि गाठ सुटली न्हाय, तर होडी तिरपी होते."

मी आभार मानले. मनात मात्र वेगळेच चालले होते. सुटण्यासाठी बांधलेली गाठ, हे माझ्या कानांना सैल कामावरचे पांघरूण वाटले. जे घट्ट बसत नाही त्यावर फुली, एवढेच मला आयुष्यभर ठाऊक होते. शिवाय न मागता हा माणूस माझ्यासाठी पिंपे का कापतो? पुढच्या खेपेला माझा अंगठा थोडा हलका पडावा म्हणून? की चारचौघांत माझे मडगार्ड गळून पडावे आणि मी झाकणे परत पाठवल्याची भरपाई व्हावी? हे दोन्ही संशय एकमेकांशी जुळत नव्हते. लाच द्यायची असेल तर फजिती कशाला करील, आणि फजितीच करायची तर एवढी मेहनत कशाला? पण संशयाला जुळवाजुळवीची गरज नसते. मी दोन्ही बाळगले.

त्या संध्याकाळी आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये मी ती गाठ तपासली. टोक ओढले, सुटली. पुन्हा बांधली, ओढले, सुटली. जितक्या वेळा ओढली तितक्या वेळा ती सुटली. एखाद्या तपासनिसाने याचा अर्थ काढायला हवा होता की गाठ शंभर टक्के बिनचूक काम करते आहे. मी अर्थ काढला की तिचा भरवसा नाही. वर जाऊन पकड आणली, दोरी चिमट्याभोवती चार वेढे देऊन आवळली, तिच्यावर आम्ही खोक्यांना मारतो तशा तीन पक्क्या गाठी मारल्या आणि पकडीने ओढून त्या दगडासारख्या केल्या. मग आणखी एक गोष्ट केली. फिटरला दिसू नये म्हणून उरलेले टोक पूर्वीसारखेच खाली नेऊन शेपटाच्या भोकात अडकवले. वरून पाहणाऱ्याला गाठ त्याचीच वाटावी. मागच्या मडगार्डला मी हात लावला नाही. ते पडले तर फार तर सदरा मळेल, असा हिशेब केला.

मी घरात शिरलो तेव्हा हातात पकड होती. बायकोने विचारले नाही, मी सांगितले नाही.

दहाएक दिवस सगळे ठीक चालले. सदरा कोरडा राही. मी मनाशी म्हणे, ठीक चालले आहे ते माझ्या गाठींमुळे.

मग जुलैतल्या एका सकाळी, कारखान्याच्या अलीकडच्या वळणावर, खोक्यांना बांधतात ती एक पिवळी प्लॅस्टिकची पट्टी रस्त्यातल्या पाण्यात लोळत होती. आमच्या भागात अशा पट्ट्या जागोजागी पडलेल्या असतात. ती पुढच्या चाकात गेली, फिरत वर आली, आणि मडगार्ड व टायर यांच्या मधोमध कोंबली गेली. मडगार्ड पुढे ओढले गेले. मला तो खरखरीत आवाज ऐकू आला आणि मडगार्डचे शेपूट चाकाबरोबर ओढले जाताना दिसलेही. त्या क्षणी गाठ सुटायची होती. ती सुटली नाही. चाक जागीच थांबले आणि मी हँडलवरून उजव्या खांद्यावर पडलो.

हाड मोडल्याचे मला आतून कळले. गळ्याखालचे, खांद्याला जोडणारे हाड. पण जे सांगायला मला आज सर्वात जड जाते ते हाडाचे नाही. पॅकिंगच्या ताई मागून चालत येत होत्या, त्या धावत आल्या आणि रिक्षा बघायला पुढे गेल्या. सायकल माझ्याजवळ आडवी पडली होती. डबा बांधून आणलेल्या पिशवीत फळे कापायची लहान सुरी होती. मी डाव्या हाताने ती काढली आणि उजवा हात लोंबकळत असताना, वेदनेने डोळ्यांपुढे अंधारी येत असताना, चिमट्यावरची दोरी कापली. ताई परत आल्या तेव्हा मी म्हणालो की चाक मोकळे करतोय. दोरीचे ते तीन गाठींचे गाठोडे मी आधीच गटारात टाकले होते. पडल्यापासून दोन मिनिटे झाली नसतील. इतक्या थोड्या वेळात, इतक्या वेदनेत, पुरावा नाहीसा करायचे मला सुचले. आपण आतून कसे आहोत हे पाहायचे असेल तर मी त्या दोन मिनिटांकडे पाहतो.

फिटर दुपारी दवाखान्यात आला. ओला रेनकोट दाराबाहेर टांगून तो पलंगाशी उभा राहिला. सायकल त्याने पाहिली होती. पुढचे मडगार्ड मधोमध तडकलेले, मागचे मात्र जसेच्या तसे, त्याच्याच गाठीत. त्याने खांद्याचे विचारले, घरी कळवले का विचारले. मग म्हणाला, "गाठ सुटली न्हाय?"

"नाही," मी म्हणालो. "तुम्ही बांधली होती तशीच होती."

मी मोठ्याने बोललो नाही. माझा आवाज मुळातच हळू आहे, आणि हळू आवाजात सांगितलेले खोटे लोकांना खरे वाटते. त्याने आपल्या उजव्या हाताच्या बोटांकडे पाहिले, "चुकलाच असेल काय तरी," असे म्हणाला आणि गेला.

ताईंकडून पुढचे कळले. त्या संध्याकाळी त्याने सायकल स्टँडवर जाऊन स्वतः केलेली सगळी मडगार्डे एकेक करून सोडवली. कोणी म्हणे, काका राहू द्या, आमचे नीट आहे; पण त्याने ऐकले नाही. एक ओढ आणि गाठ सुटे, एक ओढ आणि गाठ सुटे. सगळ्यांच्या सुटल्या. निळ्या पट्ट्या त्याने पोत्यात भरून घरी नेल्या. दुसऱ्या दिवसापासून आमच्या कारखान्यातल्या अर्ध्या पाठींवर पुन्हा चिखलाच्या रेघा आल्या.

मी सहा आठवडे घरी होतो. पडल्या पडल्या मी माझ्या बाजूचा दावा तयार केला. त्याने मुद्दाम पातळ पट्टी दिली असेल. शेपूट जास्तच लांब ठेवले असेल. अशी उपकरणे करून वाटायची त्याला परवानगी तरी कोणी दिली? एकदा बायको खांदा शेकत असताना म्हणाली, "अहो, त्या संध्याकाळी तुम्ही पकड घेऊन खाली गेला होतात ना?"

"चेन उतरली होती," मी म्हणालो.

तिने शेकायची पिशवी उलटी केली आणि पुन्हा ठेवली. या विषयावर ती परत बोलली नाही. त्यानंतर कित्येक महिने ती गप्प बसली की मला वाटे, हिला ठाऊक आहे. आता वाटते, ठाऊक असणारच.

कामावर परतल्यावर मला फिटर बदललेला दिसला. पूर्वी तो डाय बसवी, नट आवळी, हाताने एकदा थापटी आणि मशीनवाल्याला खूण करी. आता तो आवळून पुन्हा सैल करी, पुन्हा आवळी, चार पावले जाऊन परत येई. मशीन थांबलेले पाहून सुपरवायझर करवादे. मग एक दिवस फिटर माझ्या टेबलाशी आला. "साहेब, जरा येता? नटाला एकदा तुमचा हात लावून बघा."

मी गेलो. नट आवळलेला होता, हवा तितकाच. मी तसे सांगितले. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा बोलवायला आला. मग हे रोजचेच झाले.

मला वाटले, याला कळले आहे. सगळे कळले आहे, आणि हा मला शिक्षा म्हणून रोज आपल्या कामावर हात ठेवायला लावतो आहे. मी त्याचा चेहरा तपासू लागलो, झाकणाचा काठ तपासावा तसा. दवाखान्यात येण्याआधी मागचे मडगार्ड कशाला पाहिले त्याने? ताईंना त्याने सुरीबद्दल विचारले असेल का? ते दोघे चहाला एकत्र उभे असले की मी ग्लास घेऊन दुसरीकडे जाई. तीन पावसाळे असे गेले. मी सायकल विकून रिक्षाने येऊ लागलो. अपराध माझा आणि पाळत मी त्याच्यावर ठेवली होती.

यंदा जूनमध्ये ताईंनी जुनी सायकल घेतली. एका पावसाळी दुपारी मी खेपेचे कागद द्यायला पॅकिंगमध्ये गेलो, तर पत्र्याच्या आडून त्यांचा आवाज आला.

"काका, मला पण करून द्या की ते निळे मडगार्ड. पूर्वी सगळ्यांना केलेत. मी काय सावत्र आहे?"

"न्हाय गं. माझ्या गाठीनं माणूस पडलाय."

"तीन वर्षं झाली त्याला. साहेबांचा खांदा पण जुळला."

"खांदा जुळला," तो म्हणाला. "पण माझ्या हाताचा मला आता भरवसा न्हाय. डाय बसवताना रोज वाटते, आज कोणाची तरी बोटा जाणार. सुपरवायझरला सांगितलाय मी. शनिवारपासून डाय दुसरा माणूस बसवेल. मी गोदामात बसेन, पोती मोजेन."

मी कागद हातात धरून पत्र्याआड उभा राहिलो. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, डावही नव्हता. इतकी वर्षे मी ज्या चेहऱ्यामागे लपलेले काहीतरी शोधत होतो, त्या चेहऱ्यामागे एवढेच होते. त्याने माझ्या शब्दावर विश्वास ठेवला होता. त्यावर विश्वास ठेवून स्वतःच्या हातांवरचा काढून घेतला होता. रोज मला नटाला हात लावायला बोलावणे ही शिक्षा नव्हती. त्याला माझा हात त्याच्या हातापेक्षा खरा वाटत होता.

तो गुरुवार होता. त्या रात्री मी बायकोला सगळे सांगितले. ती म्हणाली, "मला सांगून काय उपयोग?"

शुक्रवारी चहाच्या सुट्टीत सायकल स्टँडच्या छपराखाली नेहमीचे लोक उभे होते. पाऊस चालू होता. ताई आपल्या ओढणीवरचा चिखल नखाने खरवडत होत्या. फिटर एका बाजूला पाईपला टेकून उभा होता. मी वाट बदलली नाही, हे पाहून ताई म्हणाल्या, "आज साहेब आमच्यात? काय, चहावर पण फुली मारायची का?"

मी ग्लास खाली ठेवला. त्याला बाजूला नेऊन सांगणे सोपे होते, पण खोटे चौघांत पसरले होते. मी म्हणालो की मला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती सगळ्यांनी ऐकावी. मग पकड, चार वेढे, तीन गाठी, वरून लपवलेले टोक, सुरी आणि गटार, सगळे क्रमाने सांगितले. आवाज इतका हळू होता की पत्र्यावरच्या पावसामुळे लोकांना जवळ यावे लागले.

ताईंचा चिखल खरवडणारा हात थांबला. फिटर पाईपपासून सरळ झाला. त्याने हवेत बोटे हलवून काहीतरी बांधले, मग एक टोक ओढल्यासारखे केले.

"म्हणजे तिला तुम्ही सुटूच दिली न्हाय," तो म्हणाला.

"नाही दिली."

"आणि मी तीन वर्षं हात धुवून धुवून बघतोय." त्याचा आवाज चढला नव्हता. "तवाच का न्हाय बोललात, साहेब?"

माझ्याकडे एक उत्तर तयार होते: दुखत होते, घाबरलो होतो. तेही खोटेच झाले असते.

"कारण तुमच्यावर संशय घेणे मला सोपे गेले आणि स्वतःवर घेणे जमले नाही," मी म्हणालो. "तुमची गाठ बरोबर होती. तुमच्या हाताने मी पडलो नाही, माझ्या हाताने पडलो, आणि दोष तुमच्या हातांना लावला. मी तुमचा अपराधी आहे. या सगळ्यांसमोर तुमची माफी मागतो."